जुने दरपत्रक आणि कॉमिक्सची प्रतवारी : ‘उत्तम’, ‘बरी’, ‘वाचनीय’ या शब्दांचा अर्थ कसा लावावा?

गिरणीचा_भोंगा (सोलापूर)

नमस्कार.

माझे थोरले काका सोलापुरातल्या एका कापड गिरणीच्या कचेरीत कारकून होते. गेल्या वर्षी ते वारले आणि घर आवरताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचा कॉमिक्सचा संग्रह हाती लागला. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी आवृत्तीचे एकशे बारा अंक, अमर चित्रकथेचे तीसेक आणि अगदी तळाशी चांदोबाचे काही सुटे अंक असा तो ऐवज आहे. काकांनी प्रत्येक अंकाला खाकी कागदाचे कव्हर घातले होते आणि त्यावर बोरूने काढावीत तशा वळणदार अक्षरांत कथेचे नाव लिहिले होते.

या अंकांखाली वर्तमानपत्राच्या घडीत सायक्लोस्टाइल केलेले चार पानांचे एक दरपत्रक होते. मुंबईच्या एका जुन्या पुस्तकविक्रेत्याने ते टपालाने पाठवलेले दिसते. त्यावर तारीख नाही. परंतु इंद्रजालचा उल्लेख ‘आता प्रकाशन बंद’ असा केलेला असल्यामुळे ते १९९० नंतरचे आहे, एवढे नक्की सांगता येते. प्रत्येक अंकापुढे तीन रकाने आहेत : उत्तम, बरी आणि वाचनीय. पहिल्या शंभरातल्या बहुतेक अंकांचे दर अनुक्रमे वीस, बारा आणि पाच रुपये असे आहेत. ऐंशीच्या दशकातल्या साप्ताहिक अंकांचे सहा, चार आणि दोन. या तीन शब्दांचा खुलासा मात्र चारही पानांत कोठेच केलेला नाही.

समासात काकांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंदी केल्या आहेत. एका वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) अंकापुढे लिहिले आहे : “आली. बरी म्हणतो, पण पिना गंजलेल्या. दोन रुपये जास्त गेले.” दुसऱ्या एका नोंदीत फक्त “मलपृष्ठ नाही, कळवले” एवढेच आहे.

हा संग्रह मला विकायचा नाही. त्याची नीट नोंदवही करावी, दुबार अंक इतर संग्राहकांशी बदलून घ्यावेत आणि काकांचे राहिलेले अंक मिळवावेत, अशी इच्छा आहे. त्या काळचे दर आज निरुपयोगी आहेत हे मलाही समजते. तरीही तीन रकान्यांतले अंतर मला महत्त्वाचे वाटते, कारण त्या विक्रेत्याच्या आणि त्याच्या गिऱ्हाइकांच्या मनात कोणत्या दोषाची किंमत किती होती, हे त्या अंतरातूनच कळू शकेल. म्हणून जाणकारांना विचारतो की, ‘उत्तम’, ‘बरी’ आणि ‘वाचनीय’ हे शब्द आजच्या प्रतवारीत कोठे बसवावेत?

नवी_पेठेतला_वाचक (सोलापूर)

आपली नोंद वाचून फार बरे वाटले. मी स्वतः सोळा वर्षे कॉमिक्स आणि कादंबऱ्या भाड्याने देण्याचा व्यवसाय केला, त्यामुळे या शब्दांशी माझा रोजचा संबंध होता.

‘वाचनीय’ हा शब्द सर्वांत सोपा आहे. कथेचे पहिले पान ते शेवटचे पान शाबूत आहे, एवढीच हमी त्यात असे. मुखपृष्ठ नसले तरी प्रत वाचनीयच मानली जाई. ‘उत्तम’ म्हणजे नवी कोरी प्रत, असा समज करून घेऊ नये. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ जागेवर आहे, पान फाटलेले नाही, रंगीत चित्रांवर शाईने मिशा काढलेल्या नाहीत, एवढे जमले की त्या काळी प्रत उत्तम ठरत असे. कणा मोडला आहे का, कोपऱ्याचे कान दुमडले आहेत का, हे पाहण्याची पद्धत आम्हां दुकानदारांत नव्हती.

अडचण ‘बरी’ या शब्दाची आहे. बाजारात येणारा जुना माल दोन वाटांनी येई. एक घरातली रद्दी, जी किलोवर मिळायची. दुसरी बंद पडलेल्या भाड्याच्या दुकानांची. दुकानातल्या प्रतीला आम्ही पहिल्याच दिवशी दाभणाने कडेला तीन भोके पाडून जाड दोऱ्याने शिवत असू, कारण मूळच्या दोन पिना वीस गिऱ्हाइकेसुद्धा टिकत नसत. मुखपृष्ठाला आतून खळ लावून जाड कागद चिकटवला जाई आणि पहिल्या पानावर दुकानाचा जांभळा शिक्का पडे. आमच्या दृष्टीने हे दोष नव्हते, ती प्रतीची निगा होती. म्हणून शिवलेली आणि शिक्का असलेली प्रत त्या काळच्या यादीत बिनदिक्कत ‘बरी’ म्हणून लागे, प्रसंगी ‘उत्तम’ म्हणूनही.

आणखी एक सांगून ठेवतो. काही ठिकाणी दहा-बारा अंक एकत्र बांधून पुठ्ठ्याचे बाइंडिंग करीत, आणि बाइंडर तिन्ही कडा कटिंग मशीनवर साफ करून देई. पुढे ते बाइंडिंग उसवून अंक पुन्हा सुटे विकले जात. असा अंक दिसायला फार नीटनेटका असतो. परंतु मूळ मापाच्या अंकाशेजारी ठेवला की तो आखूड असल्याचे लगेच कळते. आपल्या संग्रहात असे अंक आहेत का, ते पट्टी लावून पाहावे.

शनिवारवाड्याखाली (पुणे)

या धाग्यावर थोडे बाहेरचे संदर्भ देतो, कारण प्रतवारीची आजची भाषा अमेरिकेतून आली आहे आणि तिची वाटचाल माहीत नसली तर फसगत होते.

तिकडेही सुरुवात सायक्लोस्टाइलच्या याद्यांनीच झाली. १९६० च्या दशकात हॉवर्ड रोगोफ्स्की, रॉबर्ट बेल यांच्यासारखे विक्रेते टपालाने याद्या पाठवून जुनी कॉमिक्स विकत. प्रत हातात न घेता पैसे पाठवायचे असल्यामुळे तिची अवस्था शब्दांत सांगणे भाग होते आणि त्या गरजेतूनच प्रतवारी रुजली. १९७० मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी दरांची पहिली मार्गदर्शिका काढली. पुढे याच नावाने खास प्रतवारीची मार्गदर्शिका १९९२ मध्ये आली आणि तिने शंभर गुणांचे माप वापरून पाहिले. २००० मध्ये सीजीसी ही तटस्थपणे प्रत तपासून ती प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून देणारी कंपनी सुरू झाली, आणि दहा गुणांचे माप सर्वत्र चालू लागले.

या मापात ‘निअर मिंट’ म्हणजे ९.४, ‘व्हेरी फाइन’ म्हणजे ८.०, ‘फाइन’ ६.०, ‘व्हेरी गुड’ ४.०, ‘गुड’ २.०, ‘फेअर’ १.० आणि ‘पुअर’ ०.५. यातला ‘गुड’ हा शब्द मी मुद्दाम अधोरेखित करतो. आपल्याकडे विक्रेता सहजपणे ‘गुड कंडिशन’ असे लिहितो आणि घेणारा त्याचा अर्थ ‘चांगली’ असा घेतो. मापाप्रमाणे मात्र ती दहापैकी दोन गुणांची, बरीच वापरलेली प्रत असते. शब्द तोच राहिला आणि त्याच्या वर एकेक पायरी चढत गेल्यामुळे तो आपोआप तळाला गेला.

‘मिंट’ हा शब्द नाण्यांच्या छंदातून आला आहे. टांकसाळीतून नुकतेच बाहेर पडलेले नाणे, असा त्याचा मूळ अर्थ. नाण्यांसाठी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये सत्तर गुणांचे माप मांडले होते, आणि त्यामागची कल्पना अशी की, सर्वांत झिजलेल्या नाण्याची किंमत एक धरली तर निर्दोष नाण्याची किंमत सत्तर पट असावी. म्हणजे ते गुण मुळात किमतीच्याच प्रमाणातून काढलेले होते. बाजार बदलला तशी ही प्रमाणे मोडली आणि गुण तेवढे उरले. तीन रकान्यांतले अंतर पाहण्याची आपली दृष्टी या कारणाने अगदी योग्य आहे. आपल्या यादीत सर्वांत वरच्या आणि खालच्या प्रतीत चौपट अंतर आहे, साप्ताहिक अंकांच्या बाबतीत तिप्पट. ज्या बाजारात लोक वाचण्यासाठी विकत घेतात, तिथे ही दरी अशीच अरुंद असते.

माझा ढोबळ अंदाज असा की, ‘उत्तम’ म्हणजे ५.० ते ७.०, ‘बरी’ म्हणजे २.० ते ४.० आणि ‘वाचनीय’ म्हणजे त्याखालचे सगळे. प्रत्येक अंकाला या मापाने गुण द्यावेत, म्हणजे अदलाबदल करताना समोरच्यालाही समजेल.

नवी_पेठेतला_वाचक (सोलापूर)

माहिती उत्तम दिलीत, पण गुण देण्याच्या सूचनेशी मी सहमत नाही. दाभणाने शिवलेल्या प्रतीला तुमचे माप काय देणार? पिना काढलेल्या, कडेला तीन भोके, वरून आतल्या बाजूने खळीचा कागद. त्या मापात ती प्रत एकाच फटक्यात तळाला जाईल. परंतु याच शिवणीमुळे तिचे एकही पान गळालेले नाही, आणि मराठी आवृत्तीच्या कित्येक अंकांच्या आज ज्या प्रती उरल्या आहेत त्या अशाच दुकानांतून उरल्या आहेत. प्रत जगली कशी, हे आकड्यात दिसत नाही. माझे मत असे की, दोष जसेच्या तसे शब्दांत लिहावेत आणि आकडा घालूच नये.

गिरणीचा_भोंगा (सोलापूर)

दोघांचेही मनापासून आभार. नवी पेठेतले वाचककाका, आपण सांगितल्याप्रमाणे पट्टी लावून पाहिली. सात अंक बाकीच्यांपेक्षा साधारण चार-पाच मिलिमीटर आखूड आहेत आणि त्या सर्वांच्या कण्याजवळ शिवणीची जुनी भोके आहेत. म्हणजे ते एकाच बाइंडिंगमधून सुटलेले असणार.

आकड्यांवरून मला आलेला एक अनुभव सांगतो. दोन महिन्यांपूर्वी काकांच्या संग्रहातला एक राहिलेला अंक मी एका विक्रेत्याकडून फोटो पाहून मागवला. वर्णन होते ‘उत्तम, दहापैकी नऊ’. पाकीट उघडले तेव्हा मुखपृष्ठ खरोखरच चकचकीत होते. अंक खिडकीशी नेऊन मधोमध उघडला, तर पिना अगदी नव्या, पांढऱ्या लखलखीत; कागदावर मात्र त्यांच्या शेजारी अर्ध्या सेंटिमीटरवर जुन्या पिनांची गंजाने कडा रंगलेली भोके. मधली दोन जोडपाने उरलेल्या पानांपेक्षा उजळ होती आणि खालच्या बाजूने किंचित बाहेर आली होती. त्या पानांवर मात्र गंजाची भोके नव्हती. दोन निरनिराळ्या प्रतींची पाने जुळवून केलेली ती एक प्रत होती. विक्रेत्याला विचारले तेव्हा त्याने पाने सगळी आहेत ना, असे उत्तर दिले. त्याने फसवण्यासाठी केले असेल असे मी म्हणणार नाही. परंतु साडेसातशे रुपये देताना मला हे माहीत असायला हवे होते.

शनिवारवाड्याखाली (पुणे)

आपल्याला झालेला त्रास समजू शकतो. अशा जुळवलेल्या पानांची नोंद तटस्थ तपासणीत वेगळी केली जाते, आणि रंग भरणे, फाटलेला भाग नव्याने घालणे अशा दुरुस्त्या आढळल्या तर सीजीसीच्या पेटीवरचे लेबलच जांभळे असते. पान कापलेले असले तर त्याचीही नोंद होते. १९७४ मध्ये मार्व्हलने अंकांच्या पत्रव्यवहाराच्या पानावर कापून वहीत चिकटवायचे छोटे शिक्के छापले होते; त्यामुळे त्याच वर्षीच्या ‘इन्क्रेडिबल हल्क’ क्रमांक १८१ च्या असंख्य प्रतींतून तो तुकडा गेला. मुखपृष्ठ कितीही सुंदर असले तरी अशा प्रतीची किंमत कोसळते. आपल्याकडेही कूपन आणि शब्दकोडी कापून पाठवण्याची सवय होतीच, म्हणून प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी पाहावे.

नवी पेठेतल्या वाचककाकांच्या आक्षेपातले तथ्य मी मान्य करतो. वर्णनाशिवाय आकड्याला अर्थ नाही, याचे एक मोठे उदाहरण आहे. सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला त्या १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक १ च्या ९.० गुणांच्या दोन प्रती विकल्या गेल्या. २०११ मध्ये एक सुमारे २१.६ लाख डॉलरना आणि २०१४ मध्ये दुसरी सुमारे ३२ लाख डॉलरना. मधल्या तीन वर्षांत बाजार वाढला होता हे खरे, परंतु दुसऱ्या प्रतीची पाने पांढरीशुभ्र राहिली असल्याची नोंद होती आणि त्या नोंदीची चर्चा आकड्याइतकीच झाली. म्हणून कागदाचा रंग हा स्वतंत्र रकाना ठेवावा.

भाट्याची_खाडी (रत्नागिरी)

कागदाच्या रंगाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे कोकणात चार पावसाळ्यांत पिना गंजतात, गंज पानात उतरतो आणि समासावर तपकिरी ठिपके येतात. सोलापूरच्या कोरड्या हवेत हा त्रास कमी असावा, याचा मला हेवा वाटतो. अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला एडगर चर्च यांचा संग्रह कोलोरॅडोसारख्या कोरड्या प्रदेशातच राहिला होता. कॉमिक्सचे विक्रेते चक रोझान्स्की यांनी १९७७ मध्ये तो विकत घेतला तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीच्या अंकांचीही पाने पांढरी निघाली, आणि रोझान्स्कींनी त्या प्रतींना मार्गदर्शिकेतल्या सर्वांत वरच्या दरापेक्षाही जास्त किंमत लावली, कारण इतक्या चांगल्या प्रतीची कल्पना त्या दरांत धरलेलीच नव्हती.

गिरणीचा_भोंगा (सोलापूर)

आपला मुद्दा योग्य आहे, पण आमची हवा कोरडी असली तरी थंड नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि ट्रंक पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर होती. वर्तमानपत्री कागदात लाकडातले लिग्निन राहिलेले असते. उष्णतेने त्याचे पिवळे पडणे वेगाने होते आणि कागद ठिसूळ बनतो. पिना बऱ्याच अंकांच्या शाबूत आहेत, पण काही अंकांचे पान उलटताना कोपऱ्याचा तुकडा पापडासारखा हातात येतो. खाकी कव्हराच्या आतल्या बाजूला मुखपृष्ठावर तपकिरी छटाही उतरली आहे. काकांनी जपण्यासाठी घातलेल्या त्या कव्हरांचा कागदही आम्लधर्मी होता. आता ती कव्हरे उतरवून वेगळी ठेवली आहेत आणि अंक खालच्या खोलीतल्या भिंतीपासून सुट्या लाकडी कपाटात आडवे रचले आहेत.

गेले तीन रविवार दरपत्रकातली काकांची प्रत्येक पेन्सिल-नोंद प्रत्यक्ष प्रतीशी ताडून पाहिली. एकूण सदतीस नोंदी जुळल्या, आणि ज्या खुलाशासाठी हा धागा काढला तो तिथेच सापडला. ‘बरी’ म्हणून आलेल्या एकवीस प्रतींपैकी एकीचेही पान कमी नाही. चौदांवर शिक्का आहे, नऊ शिवलेल्या आहेत, आणि काकांनी तक्रार फक्त गंज आणि सुटलेल्या मधल्या जोडपानाबद्दल केली आहे, शिक्क्याबद्दल एकदाही नाही. ‘उत्तम’ म्हणून आलेल्या अकरा प्रतींत एकही शिवलेली नाही, तिघींवर मात्र शिक्का आहे. म्हणजे या विक्रेत्यापुरती तरी रेषा शिवणीवर होती, शिक्क्यावर नव्हती. उरलेल्या पाच वाचनीय आहेत, त्यांपैकी चारांना मुखपृष्ठ नाही.

अमर चित्रकथेच्या बाबतीत मात्र दरपत्रकाचा उपयोग झाला नाही. पुष्कळ पुनर्मुद्रणांवरही जुनाच क्रमांक छापलेला असतो, आणि यादीत फक्त क्रमांक आहेत. ‘कृष्ण’ हा अंक १९६९ च्या सुमारास घेतलेला असेल असे घरी सगळे म्हणत. मुखपृष्ठावरची किंमत आणि मलपृष्ठावरची जाहिरात पाहिल्यावर तो बराच नंतरचा असल्याचे दिसले.

आपल्या दोघांचे म्हणणे एकत्र करून एक नोंद तयार केली आहे. पाहून सांगावे :

“इंद्रजाल कॉमिक्स, मराठी, वेताळ, पहिल्या शंभरातील अंक. दरपत्रकात ‘उत्तम’, वीस रुपये. काकांची नोंद : ‘उत्तमच आहे.’ आजची अवस्था : मूळ दोन्ही पिना, वरच्या पिनेवर गंजाचा ठिपका, कागदावर उतरलेला नाही. माप पूर्ण, कडा कापलेल्या नाहीत. सर्व पाने मूळची, कूपन कापलेले नाही. मुखपृष्ठाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर दोन सेंटिमीटरची घडी, रंग उडालेला. शिक्का नाही. पानांचा रंग : कडेला तपकिरी, आत पिवळसर, शेवटच्या चार पानांचे कोपरे ठिसूळ. गुण : सुमारे ४.५.”

अनुक्रमांकाऐवजी खंड आणि अंक छापलेल्या नंतरच्या प्रतींसाठी दोन्ही रकाने ठेवले आहेत.

एक शंका राहिली. या प्रतीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीने ‘उ/२०’ असे लिहिलेले आहे. अक्षर काकांचे नाही, विक्रेत्याचे असावे. अलगद खोडरबर फिरवला तर निघेल असे वाटते. काढावे का?

नवी_पेठेतला_वाचक (सोलापूर)

नोंद नमुनेदार झाली आहे. शेवटचा आकडा मला अजूनही नको वाटतो, पण त्याच्या आधी एवढे लिहिलेले असेल तर माझी हरकत नाही.

पेन्सिलीचे अक्षर मुळीच खोडू नये. रबराने या कागदाचा तंतू उचलला जातो आणि तिथे कायमचा खरखरीत डाग राहतो. शिवाय ‘उ/२०’ म्हणजे ‘उत्तम, वीस रुपये’. आपल्या दरपत्रकातला रकाना आणि ही प्रत एकमेकांना जोडणारी खूण तीच आहे. बाकीच्या प्रतींतही त्याच कोपऱ्यात पाहा. ‘ब’ किंवा ‘वा’ सापडले तर पेन्सिल-नोंद नसलेल्या अंकांचाही विक्रेता कळेल.

गिरणीचा_भोंगा (सोलापूर)

आत्ताच पाहिले. आणखी सोळा अंकांत सापडले.